‘कन्या ३’ आणि कार्डिफचा किल्ला



गेल्या दिवाळीत आमच्या माहेरच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉर्म आला. कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती निघणार आहे, तरी सर्वांनी माहिती भरून पाठवावी. नाव, जन्मतारीख, शिक्षण, हुद्दा, पत्नीचं नाव, पुत्र, कन्या. माझ्या भावाला तो वेगळा पाठवला होता. मला नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, “अगं, तुझं नाव माझ्या फॉर्मवर येईल की!” आलंही. ‘कन्या: १, विवाहित, इंग्लंड.’ मी वेल्समध्ये राहते ही दुरुस्ती मी केली, पण खरा प्रश्न तो नव्हता.

माझ्या सासरचाही कुलवृत्तांत आहे. त्यात मी सून म्हणून आहे, पण लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेल्या नावाने. ते नाव मी त्या दिवसानंतर एकदाही वापरलेलं नाही. माझा पासपोर्ट, माझी पीएचडी, माझे शोधनिबंध, सगळं माहेरच्या नावावर. म्हणजे दोन घराण्यांच्या दोन पुस्तकांत मी दोन निरनिराळ्या बायका आहे. शंभर वर्षांनी कुणी ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली, तर त्या दोघी एकच होत्या हे त्याला कशावरून कळेल?

मग मी पहिली आवृत्ती उघडली. पणजोबांच्या पानावर त्यांचं शिक्षण आहे, त्यांनी बांधलेल्या विहिरीचा उल्लेख आहे, आणि शेवटी: ‘पुत्र २, कन्या ३.’ दोन्ही मुलांची नावं आहेत. तीन मुलींचा फक्त आकडा.

मी जिवाणूंच्या जनुकक्रमांवरून त्यांचे वंशवृक्ष काढते. हेच माझं काम, हीच माझी नोकरी. त्यामुळे ‘वंशवृक्ष’ हा शब्द आला की माझ्या डोक्यात आधी एक सवयीचा प्रश्न येतो: या फांदीला पुरावा काय? आज तोच प्रश्न कुलवृत्तांतांना विचारायचा आहे. आणि त्यासाठी तुम्हाला आमच्या कार्डिफच्या किल्ल्यात घेऊन जायचं आहे, कारण या गावात हा प्रश्न फार पूर्वी विचारला गेला आहे. तोही ठाण्याच्या रेल्वेशी संबंध असलेल्या माणसाकडून.

ठाण्याची गाडी आणि ग्लॅमॉर्गनच्या सनदा

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी सुटली, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. ती गाडी कागदावर आणणाऱ्या पहिल्या लोकांत जॉर्ज थॉमस क्लार्क नावाचा अभियंता होता. ब्रुनेलच्या हाताखाली ग्रेट वेस्टर्न रेल्वेवर काम करून तो १८४३ च्या सुमारास मुंबईला आला. शहराच्या सांडपाण्याचा आणि मिठागरांचा अभ्यास त्याने केला आणि मुंबई-ठाणे रेल्वेच्या बाजूने अहवाल लिहिला. हवामान मानवेना म्हणून तो परत गेला. मार्ग प्रत्यक्ष बांधला गेला जेम्स बर्कली या दुसऱ्या अभियंत्याच्या देखरेखीखाली.

क्लार्क पुढे कार्डिफच्या उत्तरेला, मर्थर टिडविलजवळच्या डाऊलाइस लोखंड कारखान्याचा विश्वस्त झाला आणि चाळीसहून अधिक वर्षं तो कारखाना त्याने चालवला. या माणसाला एक नाद होता. ग्लॅमॉर्गन म्हणजे कार्डिफभोवतालचा हा सगळा मुलूख. त्याच्याशी संबंधित मध्ययुगीन सनदा, दानपत्रं, करार जिथे सापडतील तिथून त्याने गोळा केले आणि १८८५ ते १८९३ या काळात चार खंडांत छापले. त्याच्या मृत्यूनंतर १९१० मध्ये कार्डिफहून त्याची सहा खंडांची आवृत्ती निघाली. १८८६ मध्ये त्याने इथल्या जुन्या घराण्यांच्या वंशावळींचं जाडजूड पुस्तकही काढलं. म्हणजे कुलवृत्तांतच म्हणा, पण एका नव्हे, अख्ख्या मुलखाचा.

एका लोखंड कारखानदाराला जुन्या खरेदीखतांचं एवढं वेड का? मला वाटतं, अभियंत्याला पाया बघायची सवय असते. वंशावळीचा पाया म्हणजे हे कागद.

सनदेत माणसं कशी सापडतात

बाराव्या शतकातली सनद हा हाताएवढा चामड्याचा तुकडा असतो. सुरुवात ठरलेली: आत्ता असलेल्या आणि पुढे होणाऱ्या सर्वांना कळावे की मी, अमक्याचा मुलगा तमका, अमुक जमीन अमक्या मठाला देत आहे. मग माझ्या बापाच्या आणि आईच्या आत्म्याच्या कल्याणासाठी, माझ्या बायकोच्या आणि वारसाच्या संमतीने. जमिनीच्या चतुःसीमा. आणि शेवटी साक्षीदारांची रांग.

इथे गंमत लक्षात घ्या. हा कागद लिहिणाऱ्याला वंशावळ लिहायचीच नव्हती. त्याला जमीन पक्की करायची होती. त्यासाठी जेवढी नाती सांगणं भाग होतं तेवढी त्याने सांगितली, आणि ती खोटी सांगण्यात धोका होता, कारण साक्षीदार त्याच गावचे. आपण विज्ञानात अशा विदेला फार मान देतो. ज्या कामासाठी गोळा केली त्याहून वेगळ्या प्रश्नाला ती उत्तर देत असेल, तर गोळा करणाऱ्याने आपल्या सोयीचं उत्तर घुसवलेलं असण्याची शक्यता कमी.

वेल्समध्ये तर नाती आणखीच दाट सापडतात. इथल्या जुन्या रिवाजाप्रमाणे जमिनीवर भाऊबंदांचा हक्क असे. कार्डिफच्या पश्चिमेला मार्गम इथे ११४७ मध्ये मठ स्थापन झाला. आसपासचे वेल्श जमीनमालक त्याला जमिनी देत, तेव्हा मठवाले हुशारीने प्रत्येक भावाकडून, पुतण्याकडून ‘आमचा यावर हक्क नाही’ असं लिहून घेत. पुढे उद्या कुणी चुलतभाऊ उभा राहायला नको! १५३० च्या दशकात मठ बुडाले. मार्गमची जमीन मॅन्सेल नावाच्या घराण्याने विकत घेतली, आणि जमिनीसोबत तिचे कागदही जपून ठेवले, मालकीचा पुरावा म्हणून. ते आज अॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. ब्रिटनमधल्या मठांच्या दप्तरांत एवढी भरगच्च दप्तरं थोडीच उरली आहेत.

अडचण दोन प्रकारची. पहिली नावांची. कार्डिफचा किल्ला तेराव्या शतकात दे क्लेअर घराण्याकडे होता. त्यांच्यात रिचर्डचा मुलगा गिल्बर्ट, गिल्बर्टचा रिचर्ड, पुन्हा रिचर्डचा गिल्बर्ट. आजोबांचं नाव नातवाला ठेवणाऱ्या आपल्या घराण्यांत हाच घोळ असतो. तीन पिढ्यांत दोन ‘गोविंद विष्णू’ असले की कुणाची विहीर कुणाच्या नावावर जाते. वेल्श माणसं ‘अप’ लावत: मॉर्गन अप करादोग, म्हणजे करादोगचा मॉर्गन. आपल्या जुन्या दस्तांत ‘गणू बिन धोंडी’ असतं ना, तसंच. पण बापलेकांची नावं पुन्हा पुन्हा तीच आली की ‘अप’ आणि ‘बिन’ही हात टेकतात.

दुसरी अडचण तारखेची. त्या काळच्या बहुतेक सनदांवर तारीखच नसते. मग साक्षीदार कामाला येतात. समजा एका सनदेवर लँडाफचा बिशप निकोलस साक्षीला आहे. तो ११४८ ते ११८३ बिशप होता. त्याच सनदेत ग्लॉस्टरच्या अर्लचा मुलगा रॉबर्ट हजर आहे. तो ११६६ मध्ये वारला. म्हणजे सनद ११४८ ते ११६६ मधली. तिसरा साक्षीदार ही खिडकी आणखी लहान करतो, चौथा आणखी. प्रत्येक माणूस एक अंतर सांगतो आणि सगळी अंतरं जिथे एकमेकांवर येतात तिथे उत्तर असतं. शाळेत आपण संचांचा छेद काढायचो, तेच.

आता यात संगणकही आले आहेत. टोरोंटो विद्यापीठातल्या एका प्रकल्पात तारीख असलेल्या हजारो सनदांची शब्दरचना तपासून, तारीख नसलेल्या सनदांचा काळ काढतात. स्कॉटलंडमध्ये मध्ययुगीन सनदांतल्या माणसांची एक मोठी माहितीसूची तयार केली आहे; १०९३ पासूनच्या कागदांतली माणसं तिच्यात आहेत. तिची रचना मला फार आवडते. ती ‘अमका तमक्याचा मुलगा होता’ असं कधी म्हणत नाही. ‘या कागदात अमक्याला तमक्याचा मुलगा म्हटलं आहे’ असं म्हणते. फरक बारीक वाटेल, पण सगळं शहाणपण त्यात आहे. पहिलं विधान निष्कर्ष आहे, दुसरं निरीक्षण.

माझ्या क्षेत्रात हे नियमच आहेत. १९८५ मध्ये जो फेल्सेन्स्टाइन या शास्त्रज्ञाने वंशवृक्षाची एक कसोटी मांडली. हातातल्या विदेतूनच यादृच्छिक पद्धतीने पुन्हा पुन्हा नमुने उचलायचे, प्रत्येक वेळी नव्याने झाड काढायचं, आणि एखादी फांदी शंभरातून किती वेळा उगवते ते मोजायचं. तो आकडा आम्ही फांदीवर छापतो. ९८ असेल तर निर्धास्त. ४० असेल तर ती फांदी आहे असं छातीठोकपणे म्हणायचं नाही. आकड्यांविना झाड छापायला पाठवलं तर संपादक परत पाठवतो. आणि आपल्या कुलवृत्तांतांत? मूळ पुरुषापासून मुंबईच्या इंजिनिअरपर्यंत सगळ्या रेषा सारख्याच जाड.

शूर पूर्वज आणि गाळलेली बायको

रेषा सारख्या जाड काढल्या की काय होतं, त्याचं अस्सल उदाहरण कार्डिफपासून तासाभरावर समुद्रकाठी आहे. सेंट डोनट्स नावाचा किल्ला. तिथल्या सर एडवर्ड स्ट्रॅडलिंग यांनी सोळाव्या शतकात एक हकिकत लिहिली. ग्लॅमॉर्गन जिंकायला नॉर्मन सरदार रॉबर्ट फिट्झहॅमन आला, त्याच्यासोबत बारा सरदार होते, आणि त्यातला एक आमचा मूळ पुरुष. १५८४ मध्ये ही गोष्ट एका इतिहासग्रंथात छापली गेली आणि पुढे कितीतरी पिढ्या तिला इतिहास मानत राहिल्या.

कागद वेगळंच सांगतात. फिट्झहॅमन अकराव्या शतकाच्या शेवटी आला. स्ट्रॅडलिंग घराणं इथे त्यानंतर जवळपास दोनशे वर्षांनी दिसतं. ते मूळचं स्वित्झर्लंडमधल्या थून सरोवराजवळच्या श्ट्रेटलिगेनचं. तेराव्या शतकाच्या शेवटी पीटर स्ट्रॅडलिंगने हॉवे घराण्याच्या जोन नावाच्या वारसदार मुलीशी लग्न केलं आणि सेंट डोनट्स त्याच्याकडे आलं. म्हणजे किल्ला तलवारीने नाही, तर बायकोमुळे मिळाला. तीनशे वर्षांनी घराण्याच्या गोष्टीत तलवार राहिली आणि जोन पुसली गेली.

मला यात सर एडवर्डला हसावंसं वाटत नाही. तो दुष्ट नव्हता, विद्वान होता. त्याने फक्त सगळ्यांना आवडेल असा मूळ पुरुष निवडला. आपल्याकडेही प्रत्येक घराण्याचा मूळ पुरुष कुणा राजाच्या बोलावण्यावरून आलेला असतो. पोटापाण्यासाठी चालत आलेला असा कुणाचाच नसतो!

याच ग्लॅमॉर्गनमध्ये योलो मॉर्गानुग हा पाथरवट कवी होऊन गेला, १७४७ ते १८२६. त्याने जुन्या वेल्श कविता, परंपरा, वंशावळी इतक्या बेमालूम रचल्या की शंभर वर्षं लोकांनी त्या अस्सल मानल्या. कार्डिफमधल्याच जी. जे. विल्यम्स या प्राध्यापकाने विसाव्या शतकात हस्तलिखितं तपासून ते उघड केलं. क्लार्क स्वतःही चुकला होता. मोठाले मातीचे उंचवटे सॅक्सन लोकांचे, असं त्याने किल्ल्यांवरच्या ग्रंथात ठासून सांगितलं होतं. एला आर्मिटेज या अभ्यासक बाईंनी १९१२ मध्ये कागद आणि जमीन दोन्ही तपासून ते नॉर्मन असल्याचं दाखवलं. कार्डिफ किल्ल्यातला तो गोल हिरवा उंचवटा, ज्यावर चढून आपण सगळे फोटो काढतो, तोही नॉर्मनच. पण क्लार्कने आपले पुरावे छापून ठेवले होते, म्हणून त्याच्या संग्रहाची किंमत त्याच्या चुकांमुळे कमी झाली नाही. चुकीचा निष्कर्ष दुरुस्त करता येतो. पुरावा न देता काढलेला निष्कर्ष दुरुस्तही करता येत नाही.

किल्ला कुणाकडून कुणाकडे गेला

आता कार्डिफच्या किल्ल्याची मालकी आपल्या कुलवृत्तांताच्या पद्धतीने लिहायचा प्रयत्न करू. फक्त पुत्र, कन्यांचा आकडा.

रॉबर्ट फिट्झहॅमन. पुत्र नाही. संपलं.

प्रत्यक्षात त्याची मुलगी मेबल होती. तिचं लग्न राजा पहिल्या हेन्रीच्या अनौरस मुलाशी, रॉबर्टशी झालं, आणि किल्ला त्यांच्याकडे गेला. त्यांचा मुलगा विल्यम. त्याचा एकुलता एक मुलगा त्याच्या आधीच वारला. कुलवृत्तांत पुन्हा संपला. पण विल्यमच्या तीन मुली होत्या. हो, ‘कन्या ३’! त्यांतल्या इझाबेलशी ११८९ मध्ये जॉनने लग्न केलं, तोच पुढे इंग्लंडचा राजा झालेला. राज्यावर आल्यावर त्याने ते लग्न रद्द करवलं. १२१७ मध्ये इझाबेल निपुत्रिक वारली आणि तिची बहीण अमिसिया हिच्या मुलाकडे, गिल्बर्ट दे क्लेअरकडे, किल्ला आला. जवळच्या केअरफिलीचा तो प्रचंड पाणकिल्ला बांधणारा याच गिल्बर्टचा नातू. त्याचा मुलगा, तोही गिल्बर्टच, १३१४ मध्ये स्कॉटलंडमध्ये बॅनकबर्नच्या लढाईत पडला. मूल नाही. बायकोने आपण गरोदर असल्याचं सांगितलं, सगळे थांबले, मूल झालं नाही. १३१७ मध्ये त्याच्या तीन बहिणींत वाटणी झाली. पुन्हा तीन! ग्लॅमॉर्गन थोरल्या एलेनॉरच्या वाट्याला आलं. पुढेही हा किल्ला अनेकदा मुलींच्याच मार्फत एका घराण्यातून दुसऱ्यात गेला.

मुलींना आकड्यात कोंबलं असतं तर या किल्ल्याचा इतिहास पहिल्याच ओळीत संपला असता.

यातली इझाबेल मला फार जवळची वाटते. त्या काळच्या बखरींत तिची नावं वेगवेगळी आहेत. कुणी हॉविस म्हणतो, कुणी जोन, कुणी एलेनॉर. राजाची सोडलेली बायको, तिचं नाव नीट लक्षात ठेवायची गरज कुणाला? पण ती स्वतः सनदा देत होती. तिथे ती स्वच्छ लिहिते: इझाबेल, ग्लॉस्टरची काउंटेस. तिचं खरं नाव आपल्याला माहीत आहे ते तिने केलेल्या व्यवहारांमुळे. आठशे वर्षांपूर्वी तीही दोन-तीन जणी झाली होती, आणि कागदाने तिला पुन्हा एक केलं.

वाशिमचा ताम्रपट

हे सगळं परदेशी कौतुक नाही. आपल्याकडे हीच पद्धत आहे, आणि फार चांगली आहे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वराहदेव या मंत्र्याने कोरवलेला लेख आहे. त्यात वाकाटक राजांची वंशावळ आहे, पण दगड झिजलेला. एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांनी त्यातलं एक नाव चुकीचं वाचलं आणि सगळे राजे एकाच रांगेत बसवले. १९३९ मध्ये वाशिमला विंध्यशक्ती या वाकाटक राजाचा ताम्रपट सापडला. एका गावाचं दानपत्र. त्यात दात्याने आपला बाप सर्वसेन आणि आजोबा प्रवरसेन यांची नावं दिली होती. वा. वि. मिराशींनी मग अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला. झिजलेलं नाव ‘सर्वसेन’ होतं. वाकाटकांची वत्सगुल्म, म्हणजे वाशिमची, एक अख्खी वेगळी शाखा होती आणि अजिंठ्याचा हरिषेण त्या शाखेचा. जमिनीच्या एका कागदाने, म्हणजे पत्र्याने, झाडाला नवी फांदी फुटली.

आणि मराठ्यांच्या इतिहासात बखरीपेक्षा अस्सल कागद मोठा, हा आग्रह राजवाड्यांनी धरला त्याला शंभरहून अधिक वर्षं झाली. गावोगाव हिंडून दप्तरं गोळा करणाऱ्या माणसाचे आपण वारस. मग घरच्या इतिहासातच आपण बखरकार का होतो?

हक्कसोडपत्र

या उन्हाळ्यात वाईला गेले होते. माळ्यावरची ट्रंक उतरवली. बाबांना विचारलं, “आजोबांच्या बहिणींची नावं काय होती?” बाबा म्हणाले, “ताईआत्या, माईआत्या आणि सांगलीची आत्या.” ती घरातली हाका मारायची नावं. खरी नावं? बाबा बराच वेळ गप्प राहिले. त्यांच्या हातचं खाल्लेलं आठवत होतं, एकीच्या खांद्यावर बसून कृष्णेवर गेलेलं आठवत होतं. नाव आठवत नव्हतं.

ट्रंकेत खताच्या पावत्या, शेतसाऱ्याच्या पावत्या, आणि तळाला १९६२ चं एक नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र. १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीही वारस झाल्या होत्या, म्हणून पणजोबा गेल्यावर तिघी बहिणींकडून लिहून घेतलं होतं की वडिलांच्या जमिनीतला आमचा हिस्सा आम्ही भावांच्या लाभात राजीखुशीने सोडत आहोत. तिघींची पूर्ण नावं. वयं. नवऱ्याचं नाव, गाव. दोन सह्या, एक अंगठा.

मार्गमच्या मठवाल्यांनी भाऊबंदांकडून घेतलेला कागद आणि हा कागद, दोन्ही एकाच जातीचे. माझ्या पणजोबांच्या मुली घराण्याच्या गौरवग्रंथात आकडा होऊन राहिल्या, आणि त्यांची नावं उरली ती त्यांनी हक्क सोडला त्या कागदावर. मी तो अंगठा बराच वेळ बघत होते. ‘राजीखुशीने’ हा शब्द दस्तलेखकाचा, हे मला कळतं. त्या काय म्हणाल्या असतील, ते कागद सांगत नाही.

मग करायचं काय?

कुलवृत्तांत बंद करा, असं माझं मुळीच म्हणणं नाही. ज्यांनी पोस्टकार्डं पाठवून, एसटीने गावं पालथी घालून ही पुस्तकं तयार केली त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. माझं म्हणणं एवढंच, की आता दुसऱ्या-तिसऱ्या आवृत्त्या निघत आहेत, आणि त्या भरणारे निम्मे लोक आपण, परदेशात बसलेले, शिकलेसवरलेले आहोत. नोकरीत पुराव्याशिवाय वाक्य न लिहिणारे आपण घरच्या फॉर्मवर मात्र ऐकीव ते भरून मोकळे होतो.

“अहो, हे भावनेचं पुस्तक, त्याला कसला पुरावा?” असं मला सांगितलं गेलं. पण भावना असली की खरं नको असं कुठे आहे? बाबांना त्या दुपारी आत्यांची नावं मिळाली तेव्हा जे झालं, ते कुठल्या शूर मूळ पुरुषाने झालं नसतं.

“आता डीएनए चाचणी आहे ना!” असं म्हणणारेही भेटतात. चाचणी जरूर करा, पण ती नावं सांगत नाही. शिवाय दहा पिढ्या मागे गेलं तर आपल्या पूर्वजांच्या १०२४ जागा होतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या डीएनएचा एकही तुकडा आपल्यात उरलेला नसतो. कुलवृत्तांत त्या १०२४ पैकी एकच जागा दाखवतो, बापाच्या बापाच्या बापाची. बाकीच्या १०२३ पर्यंत पोचायची वाट कागदातूनच जाते.

तर माझ्या मागण्या साध्या आहेत.

एक, प्रत्येक नात्यापुढे आधार लिहा. ‘दस्त’, ‘शाळेचा दाखला’, ‘आजीने सांगितलं’. आजीने सांगितलं हाही आधारच आहे, फक्त तसं लिहा.

दोन, माहीत नसेल तिथे जागा कोरी सोडा. कोरी जागा पुढच्या माणसाला काम देते, भरलेली खोटी जागा त्याचं काम बंद करते.

तीन, बाईची दोन्ही नावं लिहा, आणि तिच्या आईबापांची नावंही. वेल्श बायका लग्नानंतरही बापाचंच नाव लावत. राजा ऱ्हिसची मुलगी नेस्ट आज नऊशे वर्षांनीही ‘ऱ्हिसची नेस्ट’ म्हणूनच सापडते.

चार, मुलींच्या फांद्या तोडू नका. पान वाढेल, वाढू द्या. आता छापील पानांची अडचण तरी कुठे राहिली आहे?

पाच, आणि हे सर्वांत निकडीचं: पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा ट्रंक उघडा. सातबारा, फेरफार, खरेदीखत, मृत्युपत्र, रेशन कार्ड, लग्नपत्रिका, मनिऑर्डरच्या पावत्या. फोनने फोटो काढा, आणि कोणता कागद कुठे होता ते लिहून ठेवा. आपल्या पिढीत घरं विकली जात आहेत, आणि पहिली रद्दीत जाते ती ट्रंक. मॅन्सेल घराण्याने जमिनीसाठी म्हणून कागद ठेवले. आपल्याकडे आता जमीन राहिली नाही, म्हणून कागद नकोसे झालेत.

मी माझ्यापरीने सुरुवात केली आहे. दुसऱ्या आवृत्तीच्या संपादक काकांना त्या तिन्ही नावांसह हक्कसोडपत्राचा फोटो पाठवला. आधी त्यांचं उत्तर आलं, “मुलींची नावं घालायची आपली पद्धत नाही.” चार दिवसांनी पुन्हा मेसेज आला. त्यांनी स्वतःच्या घरातलं कपाट उघडलं होतं. “माझ्या आजीचं माहेरचं नाव आज कळलं,” एवढंच लिहिलं होतं. खाली एका पिवळ्या पडलेल्या दस्ताचा, जरा हललेला, फोटो.

‘कन्या ३’ च्या जागी काय छापलं जाईल ते अजून ठरलेलं नाही. पण माझी मुलगी कार्डिफची आहे. किल्ल्याच्या उंचवट्यावर ती रोज उड्या मारते. ती दोन्ही पुस्तकांत एकाच नावाने सापडावी, आणि तिच्या पुढची फांदीही, एवढी माझी मागणी आहे.